व्याही-विहिणींमधली खिडकी

आभाळ न बघताच म्हातारी झालेली खिडकी कधी पाहिलीत का, मित्रांनो? ती मी. साबणाच्या कारखान्यात दोन खोल्यांमधल्या भिंतीत मी बसलेय. एका अंगाला भट्टी, दुसऱ्या अंगाला कापणी. माझी चौकट ज्या झाडाची, ते एवढं उंच होतं की ढग त्याला वळसा घालून जायचे. खोटं वाटतं? झाडालाच विचारा. झाड म्हणजे मीच, आणि मी हो म्हणतेय!

भट्टीवर तात्या, कापणीवर काकी. काकींची लेक तात्यांच्या मुलाला दिलेली, म्हणजे दोघं व्याही-विहीण. साबण शिजत आला की तात्या कढईतला गोळा बशीत घालून माझ्यातून पलीकडे द्यायचे. काकी तो अंगठ्याने दाबून बघायच्या.

"व्याहीबुवा, साबण आहे की लोणी? मीठ टाका!"

"टाकतो, विहीणबाई. तुम्हाला मऊ काही सोसतच नाही!"

मिठाने साबण घट्ट होतो. जास्त पडलं तर भुगा होतो. हे ऐकून ऐकून कापणीच्या बायकांना भट्टी कळायला लागली, भट्टीवाल्यांना कापणी. आमचा साबण एवढा गुळगुळीत की माशी बसली की घसरायची. एकीचा पाय मोडलेला मी स्वतः पाहिलाय.

मग नवे मॅनेजर आले. "इथे गप्पाच फार. काय सांगायचं ते वर ऑफिसमार्फत सांगा," म्हणाले. माझ्यावर फळ्या ठोकल्या, पुढे लोखंडी कपाट उभं केलं. मागे एवढा अंधार, की जाळं विणायला आलेला कोळी कंटाळून निघून गेला.

आता बशी जिना चढून ऑफिसात आणि जिना उतरून काकींकडे. काकींचा निरोपही तसाच, उलटा. तोवर कढई थोडीच थांबते! तात्या अंदाजाने मीठ टाकून मोकळे व्हायचे. मग निरोप यायचा, "मीठ टाका." तात्यांना वाटायचं, अजून कमीच आहे, म्हणून पुन्हा टाकायचे. झाला भुगा! मग पाणी घाला म्हणून निरोप, आणि पाणीही तसंच दोनदा. वड्या चिखलासारख्या.

काकी म्हणायच्या, व्याही म्हातारे झाले. तात्या म्हणायचे, विहीणबाई खोड्या काढतात. घरी लेकीच्या हातचा चहासुद्धा दोघं तोंडं फिरवून प्यायचे.

शेवटी मॅनेजरसाहेबांना घेऊन मालकीणबाई खाली आल्या. "दवाखान्याचा माल आहे. हा घाणा बिघडला तर भट्टी कायमची बंद."

कढई रटरटत होती. तात्यांचा हात मिठावर जाऊन थांबला. टाकलं तरी पंचाईत, नाही टाकलं तरी पंचाईत. शेवटी टाकलंच मूठभर. इकडे काकींनी बाह्या सरसावल्या.

"साहेब, कपाटाची ती बाजू धरा."

"अहो, पण ऑफिसमार्फत..."

"ऑफिस वर आहे, कढई खाली. धरा!"

साहेबांनी धरली! कपाट करकरत सरकलं. बायकांनी फळ्या अशा उपटल्या, जसे वाफ्यातले मुळेच. भसकन वाफ आली, आणि वाफेतून तात्यांचा हात, हातात बशी.

"विहीणबाई, मीठ आत्ताच टाकलंय बरं का मी!"

काकींनी अंगठा दाबला. "बरं झालं बोललात! मी मीठच सांगणार होते. आता काही घालू नका, नुसतं घोटत राहा."

परत बशी आली. परत अंगठा. सगळी खोली श्वास रोखून. मीसुद्धा, आणि मला तर श्वासच नाही!

"ओता!" काकी ओरडल्या.

काय साबण झाला म्हणता! वडी फरशीवर ठेवली तर टण्ण वाजली. तिच्यात बघून मालकीणबाईंनी केस सारखे केले. दवाखान्याने पुढची मागणी दुप्पट केली. आता भट्टी कोण बंद करतोय! तात्या-काकी पुन्हा समोरासमोर भांडायला लागले, तेव्हा कुठे लेकीच्या जिवात जीव आला. साहेबांनी तर पॅकिंगच्या आणि गोदामाच्या भिंतीतही खिडक्या पाडल्या. या वयात मला दोन धाकट्या बहिणी झाल्या! आणि साहेब? रोज काकींपाशी अंगठा दाबायला शिकतात. अजून जमत नाही.

तर मित्रांनो, माझ्या बिजागऱ्यांना अधूनमधून थेंबभर तेल द्या. आणि आपल्याला जे कळलंय ते पलीकडच्याला लगेच सांगा. भांडत सांगितलंत तरी चालेल, पण सांगा. कपाटामागे कोंडलं की शहाणपणालासुद्धा कुबट वास येतो, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक!