पुढच्या जागेचा मान

मी एका ग्लायडरचा आराखडा. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं, वाऱ्यावर तरंगणारं विमान. माझ्याबद्दल गावभर बरंच बोलून झालंय, मला मात्र कुणी विचारलं नाही. म्हणून आता मीच बोलतो.

लोणावळ्याला रेल्वेच्या कचेरीत पुलांचे नकाशे काढणारा रखमाजी, त्याने मला काढलं. कचेरी सुटली की खळ दिलेल्या तलम कापडावर तो मला रेखत बसे. अशी दोन वर्षं गेली आणि १९३८ साली मी पुरा झालो. शिकणारा पुढे, शिकवणारा मागे, दोघांच्या हाताशी एकेक दांडा. पुढचा चुकला तर मागच्याने सावरायचं. मागची जागा तोलाच्या मध्यावर, तिथे जड माणूस बसला तरी बिघडत नाही. पुढे मात्र दोन मणांच्या आतलाच हवा. रखमाजीने हे लाल शाईने लिहून खाली दोन रेघा ओढल्या. लाल शाई कोण वाचतो म्हणा!

वडिवळ्याच्या महिपती सुताराने माझ्याबरहुकूम ग्लायडर बांधलं. त्याला अक्षरओळख नव्हती, पण एक रेघ चुकवली नाही. रखमाजीने पुढे बसून एकट्याने ते आठ वेळा उडवलं आणि आठही वेळा अलगद उतरवलं.

मग उद्घाटन ठरलं. ग्लायडर उडवायला गावाने काढलेल्या हवाई मंडळाचे अध्यक्ष अंबाजीराव, मोठे जमीनदार, पहिल्या फेरीला आले. देह चांगला तीन मणांचा.

रखमाजी म्हणाला, "आबा, तुमी मागं बसा. मागं वजनाची अडचन न्हाई."

"मागं? बैलगाडीत मागं कडबा भरत्यात. मी कडबा हाय व्हय? मानाचा मानूस म्होरंच बसनार!"

माळावर जमलेली माणसं खो खो हसली. चारचौघांत वडीलधाऱ्याला नाही कसं म्हणायचं? रखमाजी मागच्या जागेवर चढून बसला. मी महिपतीच्या काखेत होतो, मला ओरडता येत नव्हतं.

आठ गड्यांनी रबरी दोर ताणून सोडला. ग्लायडर दीड पुरुष उंच गेलं आणि नाक खाली घातलं. रखमाजीने दांडा पोटाशी ओढला, तरी नाक वर येईना. मुरमात तोंड रुतलं. अंबाजीरावांचा कोट फाटला. रखमाजीचा डावा पाय कायमचा अधू झाला.

मंडळाच्या सभेत अंबाजीराव म्हणाले, "आराखडाच खोटा."

महिपती उठला. "न्हाई आबा. आराखडा खरा हाय. तुमी म्होरं बसलात म्हून झालं."

"तू रंधा मार, बस खाली."

सगळे रखमाजीकडे बघायला लागले. त्याचा एक शब्द पुरला असता. तो म्हणाला, "व्हय आबा, माज्याच मोजमापात चूक झाली." आणि तसं लिहून सही केली.

मोठ्यांचा मान राहिला, माझं नाव बुडालं. मंडळ मोडलं. इथे पुन्हा कुणी दोन माणसांचं ग्लायडर काढलं नाही. काढू म्हणणाऱ्याला माझा दाखला देतात. मला अंबाजीरावांचा राग नाही, ते तसेच होते. राग आहे तो रखमाजीचा, कारण त्याला माहीत होतं.

आज त्याने मला पेटीतून काढून बायकोच्या, रतनबाईच्या, हातात दिलं. तिला बाळासाठी झबली शिवायचीत. कढत पाण्यात खळ निघाली की माझ्यासारखं मऊ कापड नाही.

"शाई समदी जाईल ना?" त्याने विचारलं.

"न जायला काय झालं?"

"एक रेघसुदीक राहू दिऊ नगंस."

पाणी उकळलंय. मी बरोबर होतो. तुम्ही तरी हे कुणाला तरी सांगा.