घरट्यात एकच अंडं

विटली साहेबांना पाखरं बघायला बेटावर जायचं होतं आणि त्यांच्या मडमेला सोबतीला बाईमाणूस हवं होतं, म्हणून आम्ही सासू-सून लाँचवर चढलो. एरवी तांडेलाच्या घरच्या बायकांना लाँचवर कोण नेतो?

तेव्हा अमिरात म्हणून एक देश झाला नव्हता. दुबई वेगळी, शारजा वेगळी, आणि मधे नुसती वाळू. दुबईच्या खाडीकाठी एका वखारीमागच्या खोलीत आम्ही तिघं राहत होतो. मी, माझे यजमान आणि सासूबाई मरियमबी. यजमान लाँच चालवत, सगळे त्यांना यूनुस तांडेल म्हणत. खोली खैरुद्दीनशेठांची. ते आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, लाँची भाड्याने देत. त्यांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं की कराचीचा तांदूळ आला की खोलीत पोती लागतील. मग ह्यांनी पुन्हा खलाशांच्या खोलीत जायचं आणि आम्ही दोघींनी बोटीने गावी.

पण शेठनी नवी लाँच घेतली होती. ती साहेबलोकांच्या कामाला लागणार होती आणि तिच्या तांडेलाला खाडीच्या तोंडाशी शिंदग्यात दोन खोल्यांचं घर मिळणार होतं. शेठ म्हणाले होते, "विटली साहेबांना फिरवून आण. ते खूश झाले तर लाँच तुझी, घर तुझं. इन्शाल्ला."

लग्नानंतरची बरीच वर्षं मी ह्यांना फक्त सुट्टीत पाहिलं होतं. दुबईला उतरले त्या दिवशीच मी नियत केली. अल्ला मला ह्यांच्याजवळ ठेवील तोवर रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर कुराणातली यासीन वाचीन, सोमवार-गुरुवार रोजा ठेवीन आणि रोज्याच्या दिवशी तोंडातून खोटं जाऊ देणार नाही. माहेरी आमचे वालिद सांगायचे, आपल्यासमोर दुसऱ्याची फसगत होत असेल आणि आपण गप्प बसलो, तर ते खोटंही आपल्याच नावावर लागतं. त्यामुळे नियत करताना मी तेही धरलं.

बुधवारी आम्ही निघालो. साहेब उंच, उन्हाने लाल झालेले, गळ्यात दुर्बीण. आधी कराचीला नोकरीत होते, त्यामुळे त्यांना कामापुरतं हिंदुस्तानी येई. मडम जरा बुटकी आणि बोलकी. समुद्रात काही हललं की ती माझा दंड धरी. डॉल्फिनांचा एक कळप बराच वेळ लाँचच्या पुढे पळत राहिला. मग एक कासव वर आलं, त्याने आमच्याकडे बघितलं, त्याला काही विशेष वाटलं नाही असं दिसलं, आणि ते खाली गेलं. साहेब प्रत्येक गोष्ट मडमेला सांगत आणि ती लिहून घेई.

"हे सगळं लिहून काय करतात?" अम्मांनी विचारलं. सासूबाईंना मी अम्मा म्हणत असे.

"विलायतेला पाठवतात," हे म्हणाले. "तिथं पाखरांची मंडळी आहे. छापतात."

"पाखरांची मंडळी?"

"माणसांचीच, पण पाखरांसाठी."

अम्मांनी मान हलवली आणि कांदे सोलायला घेतले. आमच्याकडे पाखरांसाठी साहेब आला की बंदूक घेऊन येई. नुसतं बघून परत जाणारा त्यांनी पाहिला नव्हता.

उन्हं कलताना बेट आलं. झाड म्हणून नाही, नुसती वाळू आणि खडक, आणि त्यावर सुरय पक्ष्यांचा इतका गलका की नांगर टाकल्याचा आवाज ऐकू आला नाही. राखी अंग, काळी टोपी, कातरीसारखी शेपटी. वाळूत नुसता खळगा करतात आणि त्यात अंडी घालतात. साहेब होडीतून किनाऱ्यावर गेले, लांबूनच दुर्बिणीने बघितलं आणि अंधार पडायच्या आत परतले. पाखरं दिवस मावळताना उठवायची नाहीत, असं म्हणाले. उद्या नाश्ता झाला की सगळी घरटी मोजायची.

गुरुवारी पहाटे मी सहरीचं खायला उठले तेव्हा अम्मा जाग्याच होत्या.

"सफरीत रोजा माफ आहे, हाफिजा. एवढ्या उन्हात अल्लाने तुला सांगितलं नाही."

"नियत केलीय, अम्मा."

"कर बाई. तुझं आणि अल्लाचं तुम्ही बघा. मला जरा जमिनीवर पाय ठेवू दे, कंबर धरलीय."

लाँचच्या इंजिनावर जहूर म्हणून एक माणूस होता. अम्मांनी त्याला होडी काढायला लावली आणि त्या किनाऱ्यावर गेल्या. मी नमाज पढून यासीन घेऊन बसले. पाखरांचा ओरडा वाढला, तेवढं कानावर आलं. यासीन संपवून मी स्टो पेटवला, तेवढ्यात अम्मा परतल्या. डोक्यावरची ओढणी पाखरांनी शिटून पांढरी केली होती आणि हातातल्या टोपलीत अंडी होती. वाळूच्या रंगाची, तपकिरी ठिपक्यांची.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या गावासमोर समुद्रात खडकाचं बेट आहे. मोसमात होड्या तिकडे जातात आणि सुरयांची अंडी आणतात. बायकाच वेचतात, आणि वेचायची रीत ठरलेली आहे. दोन असली तर एक घ्यायचं. तीन असली तरी एकच. एकच असलं तर हात लावायचा नाही. घेतलेलं पाण्यात सोडून बघायचं. बुडालं तर ताजं, तरंगलं तर आत पिल्लू आहे, ते ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. अम्मांनी तेही करून आणलं होतं.

"साहेब रोज डब्यातलं खातो," त्या म्हणाल्या. "एक दिवस ताजं खाऊ दे. पाव्हणा आहे."

मी कांदा, मिरची, कोथिंबीर घालून आमलेट केलं. मिठाचा अंदाज अम्मांनी घेतला. साहेबांनी खाल्लं, ह्यांनी खाल्लं, जहूरने खाल्लं. मडमेने संपवून प्लेट पुन्हा पुढे केली. कसली अंडी, हे कोणी विचारलं नाही. दुबईहून कोंबडीची अंडी आणली होतीच. सालं जहूरने पाण्यात टाकली.

मग साहेब, मडम आणि हे किनाऱ्यावर गेले. काठ्या रोवून सुतळ्या बांधल्या होत्या, त्यामधून साहेब वाकून चालत आणि आकडा सांगत. मी लाँचवरून बघत होते. साहेबांचा आवाज मोठा. "वन. वन. वन. टू. वन." एखादं 'टू' आलं की मधे 'वन'ची लांबच लांब ओळ. मला तेवढं इंग्रजी येत होतं.

मी अम्मांकडे बघितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"अम्मा, ते अंडी मोजतायत."

"मोजू देत."

"सकाळी दोन होती, तिथे आता एक आहे."

"मग? एक ठेवलंय ना?"

दुपारी ते परतले. साहेबांचा चेहरा गंभीर होता, पण आतून हुरूप आलेला दिसत होता. त्यांनी मडमेला बरंच काही सांगितलं आणि मग आम्हाला समजावं म्हणून हिंदुस्तानीत बोलले. गेल्या साली त्यांचा दोस्त इथे आला होता, तेव्हा बहुतेक घरट्यांत दोन-दोन, कुठे तीन अंडी होती. आता एक-एक. म्हणजे समुद्रात मासा कमी झाला, पाखराला पोटभर मिळत नाही, म्हणून अंडं एकच. ही फार मोठी गोष्ट आहे, विलायतेला लगेच लिहायला हवी. मग ह्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "टांडेल, ट्रिप बहुत अच्छा हुआ. खैरुद्दीन को बोलेगा."

साहेब सावलीत आडवे झाले तेव्हा मी ह्यांना मागे बोलावलं.

"नाश्त्याची अंडी कुठली होती, माहीत आहे?"

"आता कळलं," हे म्हणाले. पाण्याकडे बघत होते. "मोजतानाच कळलं. वाळूत चपलेचे ठसे होते, माझ्या माच्या चपलेचे. मी पायाने पुसत पुसत मागून चाललो."

"आता काय करायचं?"

"काही नाही. साहेब खूश आहे. दोन दिवसांनी शेठना सांगेल. तुला घर हवंय ना?"

"हवंय."

"मग झालं. पाखरांना काय कळतंय छापलेलं?"

मी तिथेच उभी राहिले. हळू बोलायची मला सवय आहे. त्या दिवशी तर तोंडाला कोरड पडली होती.

"मी तुम्हाला विचारतेय. तुम्ही नको म्हणालात तर नाही बोलणार. पण आजचा रोजा माझ्या हिशेबी गेला असं धरीन. ज्या गोष्टीसाठी नियत केली, ती अशी मिळाली तर नियत करण्याला काय अर्थ राहिला?"

ह्यांनी दोरीचं टोक उगीच सोडलं आणि पुन्हा बांधलं.

"घर जाईल, हाफिजा. बोटीवर बसावं लागेल."

"ठाऊक आहे."

"माझ्या तोंडून माचं नाव यायचं नाही."

"तुम्ही नका सांगू."

"मग सांग," हे म्हणाले आणि इंजिनाकडे निघून गेले.

दिवस मावळला, मगरिबची वेळ झाली. मी खजुराने रोजा सोडला, घोटभर पाणी प्यायले, नमाज पढले आणि साहेबांच्या घडीच्या टेबलापाशी गेले. कंदिलाच्या उजेडात ते सकाळचे आकडे नीट उतरवून काढत होते.

"साहेब, वो अंडे का गिनती..."

"क्या? जोर से बोलो."

"गिनती सही नहीं है. सुबह, आप के जाने के पहले..."

"सुनाई नहीं देता."

अम्मा माझ्या मागे येऊन उभ्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी मला कोपराने बाजूला सारलं.

"अंडे हमने निकाले," अम्मा म्हणाल्या. बेटावरची पाखरं सुद्धा जागी झाली असतील. "दो था उसमें से एक. तीन था तो भी एक. एक था, उसको हाथ नहीं लगाया. हमारे यहाँ ऐसाच है. और नाश्ते में आपने खाया."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. मडमेने तोंडावर हात धरला आणि समुद्राकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. नंतर हुंदक्यातून हसू बाहेर आलं तेव्हा समजलं. साहेब हसले नाहीत.

"किस तरफ से निकाला?" त्यांनी विचारलं. आवाजात थोडी आशा होती. "एक तरफ से? इधर से? उधर दूसरा बाजू बाकी है?"

"नाही नाही," अम्मा म्हणाल्या. त्यांना तो संशय आवडला नाही. "सगळीकडून. थोडं इथलं, थोडं तिथलं. एकाच जागेवरून घेतलं तर त्या बिचाऱ्यांवर जुलूम. सब तरफ से लिया, साहेब. बराबर."

"कितना लिया?"

अम्मांनी माझ्याकडे बघितलं. खायची वस्तू घरात आम्ही कधी मोजत नाही, बरकत जाते म्हणतात. "टोकरी में जितना आया," त्या म्हणाल्या.

साहेबांनी त्या पानावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. माझ्याकडे बघून म्हणाले, "अच्छा हुआ बोला. छप जाता तो बुरा होता." आणि कंदील घेऊन आपल्या बिछान्याकडे गेले. अम्मांशी ते परत येईपर्यंत बोलले नाहीत. मडम मात्र दुसऱ्या दिवशी अम्मांशेजारी बसून कोथिंबीर निवडत होती.

धक्क्यावर खैरुद्दीनशेठ स्वतः आले होते. "कैसा रहा, साहेब?"

"गिनती नहीं हुआ," साहेब म्हणाले. आणि मग म्हणाले, "टांडेल अच्छा है."

माणूस सरळ होता. दोन्ही खऱ्या गोष्टी त्यांनी सांगितल्या. पण शेठनी पहिलीच ऐकली.

संध्याकाळी शेठ खोलीवर आले. ह्यांनी सगळं सांगितलं. शेठ इतके हसले की त्यांना खोकला लागला. त्यांच्या आईनेही ती अंडी वेचली होती म्हणे. मग डोळे पुसून म्हणाले, "यूनुस, लाँच मी हमदुल्ला तांडेलाला देतो. रागावू नको. साहेबलोकांचं काम आहे. आज पाखराची अंडी, उद्या आणखी काही. पुढल्या साली बघू."

"माझं कुटुंब..." हे म्हणाले.

"तांदूळ बंदरात लागलाय, बाबा. मी पोती कुठे ठेवू?"

मला ह्यांनी नंतरही कधी बोल लावला नाही, आणि बरं केलंस असंही म्हणाले नाहीत. खोली रिकामी करताना माझी पेटी त्यांनीच दोरीने आवळली, फार घट्ट, मुंबईला ती दोरी कापूनच काढावी लागली.

बोटीवर डेकवर जागा मिळाली. शेजारी रायगडकडची एक बाई होती, अन्वरी नावाची. नवऱ्याला भेटून परत निघाली होती. दुबई मागे पडली, तशी ती गप्पांना आली. खाडीकाठच्या आमच्या बातम्या तिच्या कानावर होत्या.

"तुम्ही इतक्यात परत? घर मिळणार होतं ना तुमच्या मुलाला?"

"मिळणार होतं," अम्मा म्हणाल्या. "सून खरं बोलली."

"अगं बाई. कुणाशी?"

"साहेबाशी. पण तिचा आवाज पोचेना, मग मी बोलले."

"मग काय झालं?"

"काय व्हायचं? खलास." अम्मांनी आमचा डबा उघडला, एक भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि एक अन्वरीपुढे धरली. "तांदळाची आहे. चालते ना?"