गल्लीना कंप्युटर

ज्योत्स्नाबाई रडणार की नाही, यावर गल्लीत पैज लागली तेव्हा ज्योत्स्नाबाई तिथंच बसून मेथी निवडत होती.

पैज लावणारा नवल. जळगावात पिंप्राळ्याकडच्या त्या गल्लीत राहणारा, मोबाईलवर अहिराणी कॉमेडीचे व्हिडिओ काढणारा, आणि मिशीवर जगणारा माणूस. मिशी म्हणजे कशी, दोन्ही टोकं विंचवाच्या नांगीसारखी वर वळलेली. व्हिडिओत आधी मिशी यायची, मागून नवल यायचा. पण यंदा त्यानं कॉमेडी सोडून पाऊण तासाची फिल्म काढली होती. ऑटिझमवाल्या पोराची. नाव 'गल्लीना कंप्युटर'. पोरगं कोणावरून उचललंय हे कोणाला सांगायची गरज नव्हती. ज्योत्स्नाबाईचा हितेंद्र, वीस वर्षांचा, समोरच्याच ओट्यावर बसला होता.

"वहिनी रडणार," नवल म्हणाला. "पडद्यावर 'समाप्त' यायच्या आत रडणार. नाही रडली तर ही मिशी भर गल्लीत उतरवीन!"

"ती रडाव नही, नवल्या," शेजारची झुंबरअक्का म्हणाली. सत्तरी ओलांडलेली, माहेर धुळ्याकडचं, जीभ अजून तिकडचीच. "अन् रडनी ते मी तुना व्हिडिओमा गॉगल घालीसन नाचसू!"

बठ्ठी म्हणजे सगळी गल्ली खदखदून हसली. कोणी शिट्टी मारली, कोणी अक्कासाठी गॉगल आणायला धावलं. ज्योत्स्नाबाईला विचारायचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही. तिला राग आला का? नाही. काहीच आलं नाही. मेथीत एक अळी निघाली, ती तिनं बाजूला टाकली.

नवरात्रीच्या मंडपात पांढरा कपडा ताणून फिल्म लागली. ज्योत्स्नाबाईचा नवरा पितांबर केळीचा ट्रक घेऊन दिल्लीच्या वाटेवर, नेहमीसारखा. हितेंद्रला स्पीकरचा आवाज सोसत नाही, म्हणून त्याला घरी अक्काच्या सुनेजवळ ठेवून ती एकटीच आली. बायकांनी तिला पुढं बसवलं, नवरीला बसवतात तसं.

पोराचं काम नवलच्या पुतण्यानं, योगेंद्रनं केलं होतं. पडद्यावर तो मान डोलवत आला, दोन्ही हात पाखरासारखे फडफडवत. ज्योत्स्नाबाई बघत राहिली. हितेंद्र मान डोलवत नाही, हात फडफडवत नाही. तो अंगठा पहिल्या बोटावर घासतो, हळूहळू, दिवसभर. योगेंद्र तर चांगले आठ दिवस समोर बसून त्याला बघत होता. मग हे पाखरू आलं कुठून?

पुढं अमळनेरच्या बाजारात एक व्यापारी कापसाच्या मापात पाप करतो, तर हे पोरगं उभ्या उभ्या लाखांचे हिशेब तोंडानं करतं आणि चोरी पकडून देतं. मंडपात टाळ्या. शेवटी पोरगं धावत येऊन आईला मिठी मारतं आणि म्हणतं, "आई, मी तुझा हिरा!" आई ढसाढसा रडते. तिच्या साडीची इस्त्री मोडलेली नाही. हातावर चावल्याचा एक वण नाही. रात्री झोप लागलेल्या बाईचा चेहरा.

मंडपात पदरच पदर डोळ्यांना लागले. कापडाच्या दुकानातला एक दांडगा मॅनेजरसुद्धा नाक ओढायला लागला. नवल उठला आणि मोबाईलची बॅटरी लावून सगळ्यांसमोर ज्योत्स्नाबाईच्या तोंडावर धरली. आधी एक डोळा तपासला, मग दुसरा.

"कोरडं शे!" अक्का ओरडली. "कोरडं ठणठणीत! काढ मिशी!"

"थांबा, थांबा!" नवल काही कच्चा गडी नव्हता. "पिक्चर आत मुरायला वेळ लागतो. आठवड्याची मुदत द्या."

लोकांना गंमत हवीच होती. मुदत मिळाली.

त्या आठवड्यात फिल्म मोबाईलवरून कुठल्या कुठं गेली. आणि मग लोक यायला लागले. नशिराबादचा लांबचा पाहुणा आला, तो लॉटरीचा नंबर विचारायला. सावद्याचा केळीचा दलाल आला, "उद्या भाव काय फुटेल, एवढं सांग भो," म्हणत ओट्याखाली उकिडवा बसला. जाणारी-येणारी पोरं पाढे ओरडायची. ज्योत्स्नाबाई सांगायची, "त्याला नाही येत." लोक डोळा मारायचे. कंप्युटर फुकट कोण वापरू देतं!

हितेंद्र बोलत नाही. भूक लागली की ताट आणून पुढ्यात ठेवतो. त्याचं एकच होतं. समोरची पिठाची गिरणी सुरू झाली की ओट्यावर येऊन बसायचं, तिच्या घरघरीत आपलीही बारीक घरघर मिसळायची, गिरणी बंद झाली की आत. तेवढाच त्याचा बाहेरचा वेळ, आणि तेवढाच ज्योत्स्नाबाईचा पाठ टेकायचा.

एका संध्याकाळी कोणीतरी त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं फिरवलं. "इकडं बघ. सांग की!" हितेंद्रनं स्वतःच्याच मनगटाला दात लावले. दुसऱ्या दिवशी गिरणी सुरू झाली, पण तो धान्याच्या कोठीमागं बसून राहिला. तिसऱ्या दिवशीही तसंच. ज्योत्स्नाबाई ताट तिथंच सरकवून द्यायची. मग ती नवलकडं गेली.

"नवलभाऊ, लोकांना सांगून टाका. त्याला गणित येत नाही."

"अहो वहिनी, तुमच्या पोराला हिरो केलं मी!"

"योगेंद्रनं हात तसे का हलवले? हा हलवत नाही."

"खरं केलं तर लोकांना कळणारच नाही ना काय झालंय त्याला! पिक्चरमधल्या अशा पोरांचे हात असेच हलतात. आणि अंगात काहीतरी जादू लागते, वहिनी. नुसतं बसणारं पोरगं कोण बघंल?"

"मी बघते," ज्योत्स्नाबाई म्हणाली. "वीस वर्षं झाली."

नवलनं मिशीचं एक टोक पिळलं. "चहा घेता का?" तो म्हणाला.

ती चहा न घेता अक्काच्या दारात आली. "अक्का, मुदत कधी संपते?"

"सकाय." म्हणजे उद्याच.

"मी रडले का?"

अक्कानं तिच्या तोंडाकडं बघितलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. "नही, माय."

"मग कौतिक न्हाव्याला एवढं सांगून ठेवा, मी थांब म्हटलं की थांबायचं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ज्योत्स्नाबाईच्या दारापुढं खुर्ची टाकली. उजेड तिथं चांगला पडायचा. मिशी जायची ती निदान लाईव्ह जावी, म्हणून नवलनं योगेंद्रला मोबाईल धरून उभं केलं होतं. माणसं ओट्यावर चढली, पायऱ्यांवर बसली, गिरणीवर दळायला आलेले डबे घेऊन उभे राहिले. नवल दोन्ही हात जोडून मिशीचा अखेरचा निरोप घेत होता, "बारा वर्षांची सोबत, माय वं!" आणि लोक पोट धरून हसत होते. कौतिकनं फेस लावला. वस्तरा चालला. डावी बाजू साफ.

ज्योत्स्नाबाई ओले हात पुसत बाहेर आली. "थांब, कौतिक."

कौतिक थांबला.

"आता सांगा, नवलभाऊ. हितेंद्रला काय येतं, काय नाही."

नवल अर्ध्या मिशीनं हसला. "वहिनी, लाईव्ह चालू आहे..."

"म्हणूनच."

"कौतिक, उरक ना भो!"

कौतिकनं वस्तरा मिटून खिशात घातला आणि वर तारांवर बसलेली कबुतरं बघायला लागला.

"आधी बोल," अक्का म्हणाली. "मंग मिशी."

नवलनं ओठावरच्या साफ झालेल्या डाव्या बाजूवरून हात फिरवला. योगेंद्रच्या हातातल्या मोबाईलकडं पाहिलं. "त्याला गणित येत नाही," तो म्हणाला.

लोक हसले. अर्धी मिशी हलली की हसूच यायचं.

"अरे येत नाही! दोन अन् दोनसुद्धा येत नाही!"

आणखी हसले. मागून कोणीतरी ओरडलं, "भारी, भाऊ, एकदम भारी!"

नवल खुर्चीतून उठला. गळ्यातलं फडकं तसंच. "पिक्चरमधलं बठ्ठं मी लावलेलं आहे. हिशेब मी लावला. हात हलवायला मी शिकवलं. आईला मिठी मारतो, ते बी मीच. हे पोरगं कोणाला हात लावू देत नाही. तसंच दाखवलं तर कोणी बघणार नाही, असं मला वाटलं, म्हणून लावलं."

आता कोणी हसलं नाही. धुळ्याहून मोटारसायकलवर आलेला एक जण पुढंच उभा होता. त्याला प्लॉट घ्यावा की नाही, हे हितेंद्रला विचारायचं होतं. इतक्या लांब येऊन हात हलवत परत जायचं, म्हणून तो चिडलाच.

"मग येतं तरी काय त्याला?"

"बसता येतं," ज्योत्स्नाबाई म्हणाली. "ह्या ओट्यावर. गिरणी चालते तोवर."

धुळ्याचा माणूस ओट्याकडं बघायला लागला. ओट्यावर दाटीवाटीनं बसलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आधी अक्का उठली. मग डबेवाले सरकले, पायऱ्यांवरची पोरं उठली. ओटा रिकामा झाला. गिरणी चालूच होती. आतून कोणी आलं नाही. ज्योत्स्नाबाईनं दार पुरतं उघडून ठेवलं आणि बाजूला उभी राहिली. आता तरी काही वाटेल म्हणून तिनं क्षणभर वाट पाहिली. नाही वाटलं.

"उरक," ती कौतिकला म्हणाली.

नवल खुर्चीत बसला, डोळे मिटले, तोंड वर केलं. कौतिकनं वस्तरा काढला आणि उजवी बाजू उतरवली.