जिन ओळखणारी डबी

हिरवा दिवा तांबडा झाला आणि दारापर्यंत दाटलेला गाव एकदम मागे सरला.

"पाहिलंत?" गावोगाव भूतं उतरवत फिरणारा एसेनबाबा गरजला. "सून चहा ओतायला आत आली, तिच्याबरोबर जिन आला! माझी डबी खोटं बोलत नाही!"

भिंतीतल्या प्लगला लावलेली ती डबी मुठीएवढी. सून म्हणजे सायरागुल, माझी जुनी विद्यार्थिनी. लग्नाला तीन महिने, नवरा रशियात कामाला. त्याच दुपारी तिच्या सासूने, बुरमाकाकूने, तिला अंगणातल्या बिनशेगडीच्या कोठीत ढकललं आणि कुलूप लावलं. बाबाचा हुकूम होता, चाळीस दिवस. पोरीला आधीच खोकला.

बर्फाने घाट बंद झाला होता. मार्चपर्यंत ना डॉक्टर येणार, ना पोलीस. घाटामुळे बाबाही गावातच अडकला होता म्हणा, पण तो काकूच्या शेगडीजवळ, मेंढीचा रस्सा भुरकत. तिसऱ्या दिवशी कोठीच्या फटीतून सायरागुल म्हणाली, "बाई, बोटं कळत नाहीत हो." मी तिथेच रडले. रडून कुलूप निघतं थोडंच!

शाळेत आले तर संगणकामागे तसलीच डबी! हिच्यावर ती कशासाठी असते ते छापलेलं होतं, बाबाने आपल्या डबीवरचं खरवडून टाकलं होतं. मी तडक काकूकडे परत गेले. पहिल्या दिवसासारखाच गाव जमलेला होता.

"काकू, पाहुण्यांना चहा नाही?"

"शेजारून थर्मास यायचाय. सून कोंडलेली, मग ओतणार कोण?"

आमच्याकडे घरात सून असताना सासूने किटलीला हात लावणं म्हणजे नाक कापून घेणं. म्हणून तीन दिवस त्या घरातली विजेची किटली थंडच होती. मी जाऊन तिचं बटण दाबलं. दिवा तांबडा!

"जिन बाईंच्या अंगात शिरला!" बाबा ओरडला.

मी बटण बंद केलं. हिरवा. "काकू, आता तुम्ही दाबा."

काकूने दाबलं. तांबडा.

"आता तुम्ही, बाबा."

बाबाने हात झग्यात लपवला. "दाबा की! चावत नाही ती," कोपऱ्यातला म्हातारा ओमुरझाक म्हणाला, आणि लोक हसले.

"ही डबी फ्रीज जपायला असते," मी म्हणाले. "तुमचं घर तारेच्या शेवटी. हिवाळ्यात गावभर विजेच्या शेगड्या लागल्या की इथे दोनशे वीस व्होल्टऐवजी जेमतेम एकशे नव्वद पोचतात. किटली लावली की आणखी घसरतात आणि दिवा तांबडा होतो. आता सांगा, सून आत आली की आधी काय करते?"

"किटली लावते," कुणीतरी पुटपुटलं.

काकू किल्ली घेऊन धावली. सायरागुल भिंतीला धरून बाहेर आली, ओठ निळे पडलेले. काकू तिच्या गळ्यात पडून रडायला लागली, "डबीने फसवलं गं आपल्याला!"

सायरागुलने हलकेच तिचे हात सोडवले. "डबीने दिवा लावला, आई. कुलूप तुम्ही लावलंत."

ती माझ्या घरी राहायला आली. बोटं वाचली, एक सोडून.

म्हणून सांगते, कुणी चमत्कार दाखवला तर आधी तो कशावर चालतो ते विचारा. आणि चमत्कार माणसाला कोंडायला सांगत असेल, तर विचारत बसू नका. आधी दार उघडा.