गडग्याबाहेर राहिलेली उजवी चप्पल

मित्रांनो, मी एक जुनी चप्पल आहे, उजव्या पायाची. माझी जोडीदारीण डावी अजून कामावर आहे. मी मात्र पुण्यातल्या एका प्रयोगशाळेच्या कपाटात काचेआड असते. पाहुणे येतात, माझ्या तळव्यातल्या बारीक तारा पाहून नवल करतात आणि मला जागेवर ठेवून देतात. मी फाटलेली नाही, झिजलेली नाही. माझ्यात काही बिघाडही नाही. तरी मी कोणाच्या पायात का नाही, ते मला तुम्हांला सांगायचे आहे.

मी जाळ्यांपासून जन्मले. देवगडच्या बंदरात नायलॉनची फाटकी जाळी ढिगाने पडून असत. वारा आला की त्यांचे तुकडे पुन्हा समुद्रात जात आणि त्यांत मासे, कासवे गुरफटून मरत. तन्वी नावाची मुलगी सुट्टीत येई आणि ही जाळी पोत्यात भरून पुण्याला नेई. कुणकेश्वरजवळच्या एका वाडीत ती आजोळी वाढली होती आणि पुण्यात पीएचडी करत होती. ती जाळी धुई, कातरी, वितळवी, रबरात मिसळून साच्यात दाबी. पहिले तळवे तडकले. पुढचे लाकडासारखे कडक निघाले. आणि कितीही धुतले तरी वास जात नसे.

"तन्वी, प्रबंधाबरोबर सोलकढीपण देणार आहेस का?" शेजारच्या टेबलावरची दिव्या नाक दाबून विचारी. तन्वी हसे आणि पुन्हा साचा तापत ठेवी.

तिला साधी चप्पल करायची नव्हती. मधुमेह जुना झाला की काही माणसांच्या पायांची जाणीव जाते. काटा रुतला, चटका बसला तरी त्यांना कळत नाही. जखम आतल्या आत चिघळते आणि कधी कधी पाय कापावा लागतो. म्हणून तन्वीने माझ्या तळव्यात दाब आणि उष्णता ओळखणारे सेन्सर बसवले. पायाच्या एखाद्या जागी फार भार पडू लागला किंवा पाय आतून तापू लागला, की तन्वीच्या फोनवर सूचना जायची. तिचे मार्गदर्शक विनीत सर म्हणत, "पायाला जे कळत नाही, ते हिला कळेल." हे ऐकून मला फार अभिमान वाटे.

आम्ही दोघी केल्या गेलो त्या सत्यवानमामांच्या मापाने. ते तन्वीच्या आईचे धाकटे भाऊ. लहानपणी तिला खांद्यावर बसवून त्यांनीच हापूसची बाग दाखवली होती. त्यांच्या दोन्ही तळव्यांची जाणीव गेली होती. डॉक्टरांनी त्यांना बजावले होते, "पायाला जखम होऊ द्यायची नाही. झाली तर भरणार नाही." उन्हातान्हात कमी चाला, असेही सांगितले होते. रीतसर परवानग्या घेऊन तन्वीने आम्हांला गावी आणले आणि घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मामांच्या पायांपुढे ठेवले.

मामांनी मला उचलून कानाला लावले. "ह्यां काय गो? चप्पल की रेडिओ?" मग नाकाजवळ नेले. "आणि बांगडो घालून केलंस काय?"

शर्मिलामामी दारातून म्हणाल्या, "बरां झाला. ह्येंच्या पायाचा आता माझ्यापरास चपलेक जास्त कळतला."

"म्हणान तर घालतंय," मामा म्हणाले, "ती तोंडान बोलणा नाय."

सगळे हसले. तन्वीने वाकून आमचे पट्टे त्यांच्या पायांवर बसवले. "मामा, पायातसून काढू नको हां."

"नाय गो बाय."

हिवाळाभर मी सुखात होते. मामा दुकानात जात, मंदिराकडे जात, वाटेत भेटेल त्याला आम्हांला दाखवत. "भाचीन केल्यान," एवढेच सांगत. पण त्यांच्या आवाजात जे असे, ते मी पायाखालूनही ओळखे. एकदा करंगळीजवळ भार वाढला. मी खबर दिली, तन्वीचा फोन आला, तिने पट्टा सैल करायला सांगितला आणि पुढे होणारी जखम टळली. तेव्हापासून मामी स्वतः मला ओल्या फडक्याने पुसू लागल्या.

मग आंब्याचा हंगाम आला. मामांची बाग सड्यावर, म्हणजे गावावरच्या खडकाळ पठारावर आहे. तिथे माती थोडी आणि काळा कातळ फार. चैत्र-वैशाखात तो तव्यासारखा तापतो. बागेभोवती गडगा, म्हणजे चिऱ्यांची बुटकी भिंत आहे आणि आत, आंब्याच्या जुन्या कलमाखाली, राखणदाराची जागा. राखणदार म्हणजे बागेची राखण करणारा, डोळ्यांना न दिसणारा धनी. सगळी बागच त्याची, म्हणून गडग्याच्या आत कोणी पायताण घालून जात नाही. मामांचे वडील तसे कधी गेले नाहीत, मामाही गेले नव्हते.

त्यामुळे मामा रोज सकाळी गडग्यापर्यंत आम्हांला घालून येत, काजूच्या सावलीत आम्हांला शेजारी शेजारी ठेवत आणि आत जात. दिवसभर आंबे उतरवणे चाले. झाडाखालून झाडाखाली, कातळावरून कातळावर ते अनवाणी फिरत. सायंकाळी बाहेर येऊन ते पाय झटकत आणि आम्हांला घालत. मी गडग्यापलीकडे सारे पाहत होते. पण मला बोलता येते ते फक्त मला टेकलेल्या पायाविषयी. सावलीत पडलेली मी थंड होते आणि तेच मी खरेपणाने कळवत राहिले.

पुण्यात तन्वीने ते आकडे पाहिले. भार कमी, उष्णता कमी. मामा डॉक्टरांचे ऐकून विश्रांती घेत आहेत, असे तिला वाटले. विनीत सरांनी बैठकीत तो आलेख सर्वांना दाखवला. "किती शिस्तीचा रुग्ण आहे बघा," ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. तन्वीने फोन करून मामांना तसे सांगितलेही.

"तुझी चप्पल बरी म्हणान," मामा म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. तिने चप्पल घालतोस का, एवढेच विचारले होते आणि ते रोज घालत होते.

एके दिवशी मामींना पडवीच्या लादीवर डाग दिसला. "अवो, ह्यो लाल डाग कसलो?"

"सकाळी कोकमां फोडलंस मां? त्येचोच आसतलो."

मामींनी सकाळी खरेच टोपलीभर कोकमे फोडली होती. त्यांच्या हातांनाही तोच रंग होता. त्यांनी डाग पुसून टाकला. त्या दिवशी मामांचा पाय माझ्यावर ओला टेकला होता, पण ओल ओळखणारे काही माझ्यात नव्हते. पुढे तो तापू लागला, तेव्हा मी लगेच खबर दिली. तन्वीने फोन केला तोवर मामांना हुडहुडी भरली होती आणि मामी गाडी शोधत होत्या. गोव्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी पाय पाहिला. टाचेला जुना भाजल्याचा फोड होता, तो फुटून विष वर चढले होते. माणूस वाचवायचा तर पाय ठेवता येणार नव्हता. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तन्वी आली तेव्हा मामा उशीला टेकून बसले होते. आम्ही खाटेखाली होतो. तिने वाकून आमच्याकडे पाहिले. मग म्हणाली, "मामा, तू चपला घालत होतंस मां?"

"घालत होतंय तर. रोज. गडग्यापर्यंत."

"आणि फुडे?"

"फुडे राखणदाराची जागा, बाय. थंय चपला घालून कसो जातलंय?" त्यांनी खाटेखाली आमच्याकडे बोट केले. "आणि तुझ्या हातची वस्तू. वयसून आंब्याचो चीक पडलो तर डाग जाणा नाय."

तन्वी खाली बसली. लहानपणी तिनेही त्याच काजूखाली चपला काढल्या होत्या. "माका कळाक होया होतां," ती म्हणाली. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटले होते की ते रागावतील. तो हात पाहणे मला जास्त जड गेले.

पावसाळ्यानंतर मामा कुबड्या घेऊन पहिल्यांदा बागेकडे निघाले. डावी त्यांच्या पायात होती. मी तन्वीच्या पिशवीत होते, पुण्याला परतण्यासाठी. गडग्याशी मामा थांबले आणि सवयीने डाव्या पायातली चप्पल काढू लागले. मामींनी त्यांचा दंड धरला. त्यांच्या दुसऱ्या हातात नारळ होता. मामांना कळले. त्यांनी जुन्या कलमाकडे तोंड केले आणि गाऱ्हाणे घातले, म्हणजे मोठ्याने विनवणी केली.

"बा राखणदारा म्हाराजा, इतकी वर्सां अनवाणी इलंय. आता एकच पाय रवलो. त्या पायात चप्पल घालून तुझ्या जाग्यात येतंय, तां मान्य करून घे म्हाराजा."

"होय म्हाराजा," मामी आणि तन्वी म्हणाल्या.

नारळ फुटला. वारा नव्हता, काही हलले नाही, कोणी अडवले नाही. मामा आत गेले. मामी पदराने डोळे पुसत मागून म्हणाल्या, "तो कधी नाय म्हणलो होतो? तुमीच कधी इचारलास नाय."

तन्वी गडग्यापाशीच उभी राहिली. ते बोलणे तिला उद्देशून नव्हते, पण पिशवीचा बंद तिने घट्ट धरलेला मला जाणवला.

तिचे संशोधन पुढे चालू आहे. नव्या चपला पायात आहेत की नाहीत हेही कळवतात. त्यापेक्षा मोठा बदल तिच्यात झाला आहे. आता ती कोणाच्याही घरी गेली की आधी विचारते, "तुम्ही चपला कुठे कुठे काढता?" आणि लोक सांगत असताना मध्ये बोलत नाही. मी कपाटातून तिची वाट पाहते. तिला माझ्याकडे पाहणे अजून कठीण जाते.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाला मधुमेह असेल, तर सायंकाळी त्यांच्यापाशी बसा. त्यांचे पाय मांडीवर घ्या. तळवा पाहा, टाच पाहा, बोटांच्या मधल्या फटी पाहा. दुखते का, एवढेच विचारून उठू नका. त्यांना दुखत नाही, हाच तर आजार आहे. आम्ही कितीही हुशार झालो तरी दारात, देवळात, गडग्यावर आम्हांला थांबावे लागते. तिथून पुढे पाय एकटेच जातात. तिथे तुम्ही जा.