रोदियोनच्या डाव्या पायाचा पॅड

मी बोलतोय, रोदियोनच्या डाव्या पायाचा पॅड. बर्फावरच्या हॉकीत गोलकीपर घोट्यापासून मांडीपर्यंत बांधतो ना, त्या जोडीतला डावा. उजवा भाऊ दिसायला माझ्यासारखाच, पण तो अबोल, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलं.

माझ्या पोटात घोड्याचे केस भरलेत. वरचं चामडं फाटलं की मरियमआपा शिवायची. इर्तिश नदीकाठच्या आमच्या गावात सगळ्या संघाचं शिवणकाम तिच्याकडेच. "रोदिया, तू गोल अडवायला खेळतोस की माझ्या सुया मोडायला?" असं ती करवादायची. रोदियोन रशियन, आपा कझाक. निदान मैदानावर तरी हे कुणी काढत नसे.

मग रशियन-कझाक सगळ्यांचा मिळून असलेला तो मोठा देशच फुटला. गावातला कारखाना पगाराऐवजी सॉसेज देऊ लागला. मैदानावरचे निम्मे दिवे विझले. खेळाडू एकेक करून सीमेपलीकडे रशियात गेले. नव्या कझाक देशाचा संघ पहिल्यांदाच परदेशी स्पर्धेला निघणार होता आणि भरवशाचा गोलकीपर एकच उरला होता, माझा मालक. राखीव गोलकीपर येर्बोलकडे धड पॅडही नव्हते. दुकानात मिळतील तर शपथ!

पण रोदियोनच्या बायकोने, तमाराने, रशियातल्या ओम्स्क शहरी बहिणीकडे कायमचं जायचं ठरवलं. "मुलांच्या ताटात काय हॉकी वाढू?" ती विचारायची. तिचंही खोटं नव्हतं. तिथल्या संघात जागा मिळेल या आशेवर रोदियोनने आम्हाला दोरीने आवळून सामानात ठेवलं.

निघायच्या सकाळी, प्रवासाआधी घडीभर बसायच्या रशियन रीतीप्रमाणे, सगळे सामानावर गप्प बसले. रोदियोन आमच्यावरच बसला होता. बोटांनी आमची दोरी चाचपत होता.

तेवढ्यात आपा गरम नान घेऊन आली.

"एक चावा घे. उरलेला मी भिंतीला टांगून ठेवते. लांब जाणाऱ्याने परत येऊन तो संपवायचा. आमची रीत ठाऊक आहे ना तुला?"

"आपा, आम्ही परत येणार नाही," तमारा हळूच म्हणाली.

"तुला नाही गं विचारलं. त्याला खाऊ दे."

रोदियोनने चावा घेतला. थांबला. पुन्हा घेतला. डोळ्यांतून धारा लागल्या तरी तो खातच राहिला आणि शेवटचा तुकडाही त्याने संपवला. आपाला खोटी आशा लावणं त्याला जमलं नाही. मला वाटलं, आता ही ओरडणार. तिने फक्त त्याच्या दाढीवरचे कण झटकले.

मग त्याने आमची दोरी सोडली. "हे येर्बोलला द्या, आपा."

"अरे, मग तिकडे तू काय बांधशील?"

"बघू."

येर्बोल आम्हाला बांधून त्या स्पर्धेत उतरला. गोल खाल्ले, अडवलेही. पुढे हलके नवे पॅड आले आणि आम्ही आपाच्या शिवणखोलीत खुंटीवर चढलो. तिचे डोळे आता गेलेत. ती चाचपून माझी शिवण बघते. रोदियोन तिकडे ट्रक चालवतो म्हणे, पुन्हा बर्फावर उतरलाच नाही. हे ऐकल्यापासून मला चैन नाही.

रोदिया, माझा तुझ्यावर राग नाही, तमारावरही नाही. पण एकदा येऊन जा रे. नान तू शिल्लक ठेवला नाहीस, पण मी आहे ना!