पंपाला बांधलेला दोरा

होडीत पाणी आलंय हे सगळ्यात आधी दगडाबाईच्या पायांना कळलं. दसऱ्याची सुट्टी म्हणून सोयगावहून आलेल्या मंडळींत ही सगळ्यात वयस्कर बाई. चपला काढून, पाय लांब करून नाथसागरावरचे पक्षी बघत बसली होती. तिनं एक पाय उचलला, मग दुसरा उचलला, आणि शांतपणे म्हणाली, "आरं, आपण पक्षी बघायला आलो व्हतो का बदकं व्हायला?"

सगळे हसले. अंबिका हसली नाही. पोहे वाढता वाढता तिचा हात थांबला. लेक गोदा जन्मल्यापासून तिला असं कुठलंही पाणी साधं दिसतच नसे, मग ते बादलीतलं असो की धरणातलं.

होडी म्हटली की तळात थोडं पाणी येणारच. इंजिनाचा दांडा जिथून बाहेर निघतो तिथून ते थेंब थेंब झिरपत राहतं. म्हणून फळ्यांखाली एक पंप असतो. पाणी वाढलं की शेजारचा फ्लोट, म्हणजे तरंगणारी डबी, वर येतो, पंप आपोआप सुरू होतो आणि बाजूच्या नळीतून पाणी बाहेर फेकतो. होडीतल्या मोरीच्या सांडपाण्याच्या डब्यातही तसाच एक लहान पंप होता. दोन्हींची निगा राखायचे अनंतराव, म्हणजे अंबिकाच्या नवऱ्याचे, श्रीधरचे काका. बायको गेल्यावर ते पुतण्याकडंच औरंगपुऱ्यात राहायला आले होते. एस.टी.तून रिटायर झालेला माणूस, घरी बसला की कासावीस व्हायचा. श्रीधरनं पर्यटकांना फिरवायला होडी घेतली तेव्हापासून माणसात आला. फेरीच्या आधी फळी उचलायची, जाळीतले केस, शेंगांची टरफलं काढायची, वायरीची टोकं पुसायची आणि शेवटी तळात बादलीभर पाणी ओतायचं. पंप घुरघुरला की समाधानानं मान हलवायची आणि म्हणायचं, "बोलला बघ!"

आज तो बोलला नव्हता.

"काका, पंप!" श्रीधर स्टिअरिंगवरून ओरडला. हातानं चालू करायचं बटण कधीचंच खराब झालेलं. दसरा झाला की बसवू, असं तोच म्हणत आला होता. काका उठेपर्यंत अंबिकानं गोदाला कडेवर घेऊन दुसऱ्या हातानं फळी उचललीसुद्धा.

खाली काळपट पाणी डचमळत होतं आणि फ्लोट पाण्यात बुडालेला होता. वर यायला बघत होता, पण त्याला येता येत नव्हतं. लाल-पिवळ्या दोऱ्यानं तो पंपाशी घट्ट बांधलेला होता. दोरा कालचा होता आणि गाठ अंबिकाची होती.

काल खंडेनवमी. सासूबाई, भानुमतीबाई, ताट घेऊन होडीवर आल्या होत्या. इंजिनाला हळदकुंकू, स्टिअरिंगला झेंडूची माळ, पान्यांना अक्षता, सगळ्यांना दोरा. पूजेला बसलेली वस्तू दसरा उजाडेपर्यंत हलवायची नाही ही घरची रीत, म्हणून काकांनी पूजेआधीच दोन्ही पंप साफ करून, पाणी ओतून पाहिले होते. अंबिका तिथंच उभी होती. पूजा झाली, सासूबाई खाली उतरल्या, ताटात थोडा दोरा उरला. तेव्हा तिच्या मनात आलं, इंजिनाला दोरा, पान्याला दोरा, आणि ज्याच्या जिवावर माझी पोर कोरडी बसते त्यालाच नाही? तिनं हळूच फळी उचलली, पंप आणि फ्लोट यांना मिळून वेढे घातले, दातानं धरून गाठ मारली आणि हात जोडले. बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलेली बाई. तरंगणाऱ्या वस्तूवर पाणी किती जोर लावतं याची गणितं तिनं परीक्षेत सोडवलेली. पण काल तिच्या डोळ्यांना फ्लोट दिसलाच नाही, फक्त गोदा दिसत होती.

आणि आज सकाळी काका बादली घेऊन निघालेही होते. श्रीधरनंच घाई केली, "काल पाहिलाय ना? मग चला. मंडळी ताटकळलीत."

अंबिकानं बाळाच्या पिशवीतून नेलकटर काढलं. पाठ सगळ्यांकडं. दोरा तुटला, फ्लोट टुणकन वर आला आणि पंप घुरघुरला. बाजूनं पाण्याची धार लागली. सोयगावच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या.

"काय झालं होतं?" श्रीधरनं विचारलं.

"अडकला होता," ती म्हणाली. ओला दोरा तिच्या मुठीत होता.

शब्द खरा होता. तिच्या तोंडून तो इतका पटकन आणि इतका बेतून निघाला, की तिची तिलाच शिसारी आली. पण पुढचं वाक्य काही निघालं नाही.

"अडकला म्हणजे जाळी साफ केली नव्हती," श्रीधर म्हणाला. "काका, पाहिला होता का तुम्ही खरंच?"

"पाहिला होता रे. बादली ओतली होती."

"मग अडकतो कसा? पाहिला म्हणता, आणि इथं लोकांचे पाय भिजतायत! लहान पोर आहे होडीत!"

"श्रीधर, लोक आहेत," काका हळू आवाजात म्हणाले.

"म्हणूनच म्हणतोय!"

दगडाबाईनं आपली भिजलेली कापडी पिशवी पिळली. "जाऊ द्या हो मालक. म्हातारं माणूस हाय. इसरलं आसंल."

तिनं मायेनंच म्हटलं होतं. काकांचा चेहरा मात्र श्रीधरच्या ओरडण्यानं पडला नव्हता तेवढा या शब्दांनी पडला. आता सांगते, आता सांगते, असं घोकत अंबिका काठ येईपर्यंत गोदाच्या पाठीवर थोपटत राहिली. गोदा जागी होती, खेळत होती. थोपटण्याचं काही कारणच नव्हतं.

परतताना गाडीत काका पुढं बसले नाहीत. मागं, खिडकीला टेकून बसले. दर थोड्या वेळानं त्यांचे ओठ हलत. एकदा त्यांनी अंबिकाकडं वळून विचारलं, "काल बादली निळी होती का गं? का ती परवाची?"

"निळीच होती काका."

"हां." मग पुन्हा, "पण ती मी ओतली का नुसती भरून ठेवली?"

श्रीधरनं आरशातून पाहिलं. अंबिकानं खिडकीबाहेर पाहिलं.

संध्याकाळी घरी सोनं घेऊन लोक यायला लागले. औरंगपुऱ्यातल्या त्या लहानशा खोलीत चपलांना जागा उरली नाही. आपट्याची पानं, पेढे, चहा. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," म्हणत गल्लीतली पोरं पाया पडून पळत होती. काका खुर्चीत बसून प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होते, पण लक्ष नव्हतं. जरा गर्दी ओसरली तसं त्यांनी खिशातून होडीची किल्ली काढली आणि भानुमतीबाईंसमोर, सोन्याच्या ताटातच ठेवली.

"हे काय भावजी?"

"वहिनी, आता श्रीधरनं दुसरा माणूस बघावा. माझ्याच्यानं होणार नाही. परवा गॅस चालू राहिला, मागं दुधाला गेलो तर भांडंच न्यायचं राहिलं. आता हे. डोकं दगा देतंय. आज पोरीला काही झालं असतं तर?"

भानुमतीबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "डॉक्टरला दाखवू ना आपण. मागच्या गल्लीतल्या तात्यासाहेबांचं असंच सुरू झालं होतं. आता घरचा रस्ता विचारतात."

"तेच म्हणतो मी," काका म्हणाले. हसायला बघत होते. "रस्ता आठवतोय तोवर किल्ली दिलेली बरी."

श्रीधर खाली मान घालून पेढ्याचा कागद उलगडत होता. सकाळचा जोर कुठल्या कुठं गेला होता त्याचा. म्हणाला, "अहो काका, मी रागात बोललो."

"बोललास ते खरंच बोललास."

अंबिका आपट्याची पानं हातात घेऊन उभी होती. घरातल्या मोठ्यांना सोनं द्यायचं तिचंच राहिलं होतं. ती पुढं झाली, वाकली, काकांच्या पायांना हात लावला, आणि तिला परत उठताच येईना.

"अगं, ऊठ," काका म्हणाले. "औक्षवंत हो."

"तुम्ही विसरला नव्हता," ती पायांकडं बघतच म्हणाली. "मी बांधला होता."

"काय बांधलं होतंस?"

"फ्लोटला दोरा. पूजेचा. तुमच्यानंतर. म्हणून तो वर आला नाही. मी तो सकाळी नेलकटरनं कापला आणि लपवला."

पहिल्या बोलल्या भानुमतीबाई. "अगं बाई! पूजेचा दोरा कापलास? आणि तो दसऱ्याच्या दिवशी? नेलकटरनं?" त्यांना पंपाचं सोयरसुतक नव्हतं.

"आई, तू थांब जरा," श्रीधर म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "अंबिका, मग तिथंच का नाही बोललीस? मी काकांना चार लोकांत..."

घाबरले म्हणावं तर पाणी तेव्हा उतरायला लागलं होतं. खरं सांगायचं तर तिला वाटलं होतं, की लोक म्हणतील, स्वतःच्या लेकरावर एवढा डोळा ठेवणारी ही बाई, आणि हिनंच होडी बुडवायची तयारी केली. तेवढं ऐकावं लागू नये म्हणून तिनं एका म्हाताऱ्याचं डोकं पणाला लावलं होतं. हे ती मोठ्यानं बोलू शकली नाही.

काका मात्र रागावलेले दिसत नव्हते. ते खुर्चीत पुढं सरकले होते. डोळे मोठे झाले होते.

"थांब. नीट सांग. मी बादली ओतली, हे तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"निळी?"

"निळी."

"आणि पंप?"

"सुरू झाला. बाजूनं पाणी पडलं. तुम्ही म्हणालात, बोलला बघ."

"म्हणालो ना मी?" त्यांनी श्रीधरकडं पाहिलं. "ऐकलंस? म्हणालो होतो!" "श्रीधरला सांग परत. पहिल्यापासून सांग."

तिनं पहिल्यापासून सांगितलं. सांगून होतंय तोवर दारात रामकिसन उभा, समोरच्या किराणा दुकानाचा मालक, बायकोला घेऊन आलेला. "सोनं घ्या काका!"

काकांनी सोनं घेतलं, खुर्चीकडं बोट दाखवलं. "बैस, बैस. अंबिका, यांना सांग."

अंबिकानं त्यांच्याकडं पाहिलं. तिला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. सूडही नव्हता. दुपारभर ते स्वतःला हरवून बसले होते, आणि आता प्रत्येक माणसाच्या तोंडून स्वतःला परत मागत होते. रामकिसनकडूनही, त्याच्या बायकोकडूनही, उद्या ज्या ज्या दुकानी हे बोललं जाईल तिथूनही.

तिनं सांगितलं. रामकिसनची बायको तोंडाला पदर लावून हसली. "अगं बया! शिकलेली ना तू?"

"हो," अंबिका म्हणाली.

मग वरच्या मजल्यावरच्या साळूबाई आल्या. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं, आणि खिडकीखालून जाणारी गल्लीतली माणसं थांबून ऐकून गेली. साळूबाईंनी दोनदा विचारलं, "कुणी बांधला?" आणि दोनदा तिनं सांगितलं, "मी." गोदा तिच्या पायाशी आपट्याचं पान तोंडात घालत होती; ते अंबिकानं काढून घेतलं. कान तापले होते. श्रीधर स्वयंपाकघरात चहा टाकायला निघून गेला होता, त्याला ऐकवत नव्हतं.

जिन्यावर पुन्हा चपला वाजल्या. चार-पाच जणांचा घोळका असावा, बोलत बोलत वर येत होता. काकांनी खुर्ची सरळ केली, धोतराचा सोगा नीट केला आणि अंबिकाकडं बघायला मान वळवली.

तिनं त्यांना बोलू दिलं नाही. पदर खांद्यावर ओढला, दारात गेली आणि मंडळी चपला काढतायत तोवरच म्हणाली, "या. आत या. सोनं नंतर द्या, आधी ऐका. काल काकांनी पंप पाहिला होता. मी तिथंच उभी होते."